गी घेऊ का नको? आधी पाठ टेकायला शीक

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २८, नाशकात अंबडला कंपनीत मेंटेनन्सला शिफ्टची नोकरी, शाळा-कॉलेजात चार वर्षं तालमीत कुस्ती केलेली, बीजेजे (ब्राझिलियन जिउ-जित्सू, जमिनीवर लॉक आणि गळा लावून लढायचा कुस्तीसारखा खेळ) सुरू करून तीन महिने झाले. आत्तापर्यंत शॉर्ट आणि टीशर्टवर भागलं, आता क्लासचे सर म्हणतात गी घे, म्हणजे ज्युदोसारखं जाड जॅकेट, पायजमा आणि पट्टा. मित्र म्हणतो गी-बिगी सगळं जुनं झालं, जगात आता नो-गीच, म्हणजे गी न घालता शॉर्ट-टीशर्टवरच, चालतं, आणि तू पैलवान गडी, तुला त्या जॅकेटची काय गरज. दादा तुम्ही सांगा, घेऊ का नको.

घे. सर सांगतात म्हणून नाही, सगळे घालतात म्हणून तर अजिबात नाही. तू कुस्तीतून आलायस म्हणून घे. हाच प्रश्न जर एखाद्या कधीच काही न खेळलेल्या पोरानं विचारला असता तर मी म्हणलं असतं जो क्लास घराजवळ आहे तिथं जा, गी असो नसो, सहा महिन्यांनी बघू. पण तुझं प्रकरण वेगळं आहे आणि ते का, ते जरा लांबवून सांगतो, चहा घेऊन बस.

माझं म्हणशील तर १४ वर्षं झाली. मी सुरू केलं तेव्हा मला नाशकात शिकवणारं कोणी सापडलं नाही, म्हणून शनिवारी पहाटे उठून पंचवटी एक्सप्रेसनं मुंबई, दिवसभर मॅटवर, संध्याकाळच्या गाडीनं परत. ओली गी पिशवीत. पासवाल्यांनी भरलेल्या पंचवटीत लोकांना उभं राहायला जागा मिळत नाही, माझ्या शेजारची सीट मात्र इगतपुरीपर्यंत रिकामी व्हायची, त्यावरून समज. आता ब्राऊन बेल्ट आहे (व्हाईट, ब्लू, पर्पल, ब्राऊन, ब्लॅक अशी चढण असते), गुडघा एक दुरुस्त करून घेतलेला आहे, उजव्या हाताची दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत. म्हणजे गी आणि नो-गी, दोन्हीचं बिल भरलेलं आहे.

आता मुद्दा. गी आणि नो-गीत फरक कपड्याचा नाही, घसरण्याचा आहे. हे तुला मी शिकवायची गरजच नाही खरं तर. तालमीत हौद्यात उतरल्यावर पहिलं काय करतोस, मूठभर माती घेऊन समोरच्याच्या अंगाला लावतोस आणि तो तुझ्या. कशाला? घामानं हात सटकू नये म्हणून. आणि मातीतल्या कुस्तीत जांगिया धरायला चालतो, गादीवरच्या कुस्तीत कपडा धरायला बंदी. म्हणजे माती आणि गादीचा जो वाद आपल्याकडं पारावर बसून लोक पन्नास वर्षं घालतायत ना, तोच वाद तिकडं गी आणि नो-गी म्हणून चालू आहे. माती लावलेला पैलवान सुटायला अवघड, गादीवरचा चपळ. गी म्हणजे अशी माती समज की जी कितीही घाम आला तरी पुसली जात नाही. कॉलर, बाही, पायजमा, जॅकेटचं टोक, सगळीकडं मुठी मावतात.

याचा परिणाम काय होतो तर गीमध्ये चूक केली की ती तिथंच राहते. नो-गीत तुझा हात आर्मबारमध्ये (कोपर उलटं ताणायचा लॉक) अडकला, पाच मिनिटं रोल (सरावाची लढत) झालेला आहे, दोघं घामानं निथळतायत, तू जोर लावून कोपर खेचलं आणि फटकन सुटलास. सुटलास तर खरा पण शिकलास काय? घाम येऊ देणे. तोच हात गीमध्ये अडकला तर समोरच्यानं बाही धरलेली असते, आणि खरखरीत कापड दोघांच्या मध्ये, तू कितीही ओढ, कोपर गुडघ्यांच्या मधून येत नाही. मग मुकाट अंगठा कुठल्या दिशेला फिरवायचा, खांदा कधी आत टाकायचा, वजन कधी त्याच्यावर रचायचं हे शिकावं लागतं, कारण दुसरा रस्ता शिल्लकच नसतो. ताकदवान माणसाला हे जड जातं. ताकद ज्याच्याकडं आहे त्याची पहिली सवय ती वापरायची असते आणि नो-गी त्याला ती बराच काळ वापरू देतं.

आमच्याकडं एक पोरगा आला होता सिन्नरकडचा, तालमीतला, ८५ किलोचा, मी ७०. पहिले दोन महिने शॉर्टवरच. मला वर घ्यायचा आणि ठेवायचा, मी काही लावायला गेलो की उधळून उठायचा. बाकीच्या व्हाईट बेल्टना तर त्यानं रडवलं. मग थंडीत सगळे गीवर आले, त्यालाही एक जुनी गी दिली कोणीतरी. पाच मिनिटांत तीनदा टॅप, म्हणजे हातानं थाप मारून हार, तिन्ही वेळा एकाच पद्धतीनं. खाली आला की तो पालथा पडायचा, कोपरं आत, मान आखडून घट्ट, जशी तालमीत शिकवतात तशी. मी वरून एक हात कॉलरमध्ये खोल घालायचो आणि त्याच्या डोक्याभोवती घड्याळाच्या काट्यासारखा चालत जायचो, बस. तिसऱ्या वेळी उठून चिडला, म्हणे हे कपड्यानं झालं, अंगानं नाही. बरोबर होतं त्याचं. पण पालथा पडायला त्याला कपड्यानं सांगितलं नव्हतं.

हीच तुझी खरी अडचण आहे आणि तुझ्या मित्राला ती दिसत नाही कारण त्यानं कुस्ती केलेली नाही. कुस्तीत पाठ टेकली की चीत, खेळ खल्लास, गावच्या जत्रेत असशील तर वर लोकांच्या शिट्ट्या. ही लाज चार वर्षं रोज जोर-बैठकांबरोबर अंगात भिनलेली असते. त्यामुळं खाली जाताना तुझं शरीर तुला न विचारता वळतं, पोट जमिनीकडं आणि पाठ समोरच्याकडं. बीजेजेत नेमकं हेच सगळ्यात महाग. पाठीवर पडून पाय समोरच्याच्या आणि आपल्या मध्ये ठेवले तर तो गार्ड, तिथून तू लढतोयस, स्वीप मारलास, म्हणजे खालून त्याला उलथून वर आलास, तर तुला २ गुण मिळतात. उलट वळून पाठ दिलीस आणि त्यानं दोन्ही पाय आत अडकवले तर त्याला ४ गुण, आणि वर गळा त्याच्या हातात. म्हणजे कुस्तीत जिथं डाव संपतो तिथून इथं डाव सुरू होतो. हे डोक्याला दोन मिनिटांत पटतं, अंगाला पटायला वर्ष लागतं.

आणि गी हे वर्ष कमी करते, असा माझा अनुभव. का, तर पालथं पडायची शिक्षा ताबडतोब मिळते. नो-गीत पाठ दिल्यावर तू हातांशी भांडून, मान आखडून, घसरून बऱ्याचदा निसटतोस आणि तुला वाटतं चाललं. गीमध्ये कॉलर असते, ती तुझ्या मानेला आधीच गुंडाळलेली असते, म्हणजे फासाची अर्धी दोरी तूच घालून आलायस. मग आठ-दहा दिवसांत अंग आपोआप विचारायला लागतं की वळू का नको. दुसरं म्हणजे गीमध्ये पाठीवर पडलेल्या माणसाला पण धरायला मिळतं. एक हात कॉलर, एक हात बाही, दोन पाय कंबरेभोवती, झाला क्लोज्ड गार्ड, आता वरचा माणूस तुला लगेच उडवून लावू शकत नाही. नवीन माणसाला पाठीवर पडून शांतपणे विचार करायला तेवढी उसंत मिळते. नो-गीत क्लोज्ड गार्ड घामानं सुटतो, दोन सेकंदात तो तुझ्या छातीवर, आणि तुला परत तीच जुनी खात्री पटते की पाठीवर पडणं वाईट.

उभ्याचं पण बोलतो, कारण तू म्हणशील माझी टेकडाऊन (उभ्यानं पाडायचे डाव) तर चांगली आहेत. असतील. पण बघ, पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, तू डोकं खाली घालून शिरतोस, मान पुढं. नो-गीत तिथं गिलोटिन, म्हणजे काखेत मान धरून गळा आवळायचा डाव, वाट बघत असतं. पट निघतो, तू वर येतोस, आणि तुझीच मान त्याच्या काखेत. कुस्तीत याची भीती नव्हती कारण गळा दाबायचा डावच नाही. म्हणून डोकं त्याच्या छातीला बरगडीला चिकटवून वर बघत शिरायची सवय लाव, आणि पडल्यावर ज्या बाजूला मान आहे त्याच्या उलट्या बाजूला उतर. गीमध्ये वेगळी कटकट, तो कॉलर धरून हात ताठ करतो आणि तुझा पट निम्म्यातच अडतो, तिथं आधी पकड तोडायला शिकावं लागतं, त्याशिवाय शिरायचंच नाही. ढाक, धोबीपछाड हे मात्र जपून. लागले तर मैदान वाजतं, गीमध्ये तर बाही-कॉलर धरून धोबीपछाड इतका सुंदर बसतो की ज्युदोवाले ज्याला सेओइ नागे म्हणतात तो हाच. पण हुकला तर तू स्वतः पाठ फिरवून त्याच्या हवाली केलेली असते. माझ्या बघण्यात कुस्तीवाल्या पोरांच्या निम्म्या हारी अशाच आहेत, स्वतःच्याच डावातून.

आता मित्राची बाजू पण घेतो, कारण मी स्वतः उलटी चूक केलेली आहे. पहिली तीन वर्षं मी फक्त गी. स्पायडर गार्ड माझा लाडका, दोन्ही बाह्या धरायच्या, पाय त्याच्या दंडावर, माणूस पतंगासारखा हवेत. मग हौसेनं एका नो-गी स्पर्धेत नाव दिलं. स्पर्धा सुरू झाली, मी सवयीनं बाही धरायला हात पुढं केला आणि तिथं नुसतं ओलं मनगट. धरलं की सुटतंय, धरलं की सुटतंय, साबणाची वडी धरल्यासारखं. त्यानं खाली घेतलं २, गार्ड पार केला ३, माउंटवर (छातीवर चढून) आला ४, बरोबर ०-९ हरलो आणि पाच मिनिटांत मला माझा एकही डाव आठवला नाही. आठवला नाही म्हणजे काय, माझे डाव माझे नव्हतेच, त्या कापडाचे होते. घरी येताना कसारा घाटात हेच डोक्यात.

नो-गी तुला जे शिकवतं ते गी शिकवत नाही. धरायला काही नसलं की माणूस चिकटायला शिकतो. हात काखेतून घालून अंडरहुक, मानेमागं हात, मनगटावर पकड, छाती छातीला, मध्ये हवा जायला जागा नाही. पाठीवरून धरताना एक हात खांद्यावरून एक काखेतून, आम्ही सीटबेल्ट म्हणतो. गार्ड पार करताना कंबरेला मिठी मारून दाबत दाबत जायचं. वेग पण वेगळा, एक चूक आणि पुढच्या क्षणी दोघं दुसरीकडंच. कुस्तीवाल्याला हे घरच्यासारखं वाटतं, आणि म्हणूनच तुला तिथं आराम वाटतो. आराम वाटणं वाईट नाही, पण तुला जे येतंय तेच परत परत करायला तू फी भरतोयस हे लक्षात ठेव.

मी त्या ०-९ नंतर जे बदललं ते तू पहिल्या दिवसापासून कर. गी घालून पण निम्मा वेळ कापड सोडून खेळ. मार्सेलो गार्सिया बघ, त्याचे जुने सामने बसून बघण्यासारखे आहेत. एडीसीसी, म्हणजे १९९८ पासून सुरू असलेली सगळ्यात मानाची नो-गी स्पर्धा, ती त्यानं २००३, २००५, २००७ आणि २०११ ला आपल्या वजनात जिंकली आणि गीमधली वर्ल्ड चॅम्पियनशिप पाच वेळा. त्याचा खेळ दोन्हीकडं जवळपास तोच, बटरफ्लाय आणि एक्स गार्ड (पायांनी समोरच्याला उचलायचे गार्ड), अंडरहुक, पाठ घेऊन गळा. कापडावर फार विसंबून नव्हताच तो. दुसरीकडं रॉजर ग्रेसी. २००९ च्या वर्ल्ड्सला त्यानं एकापाठोपाठ एक लोकांना माउंटवरून साध्या कॉलर चोकनं टॅप करायला लावलं, जो चोक व्हाईट बेल्टला पहिल्या महिन्यात शिकवतात, समोरच्याला माहीत असायचं काय येतंय तरी थांबवता यायचं नाही. पूर्ण गीचा चोक. पण त्याच माणसानं २००५ ला एडीसीसीत वजन गट आणि ओपन (वजनाचं बंधन नसलेला गट) दोन्ही मारलेत, कॉलर नसताना. कारण चोक कॉलरचा असला तरी माउंट कापडाचा नव्हता. मी पोरांना हेच सांगतो, जागा पक्की कर, शेवटी गळ्यात कॉलर घाल नाहीतर हात घाल.

बरं, ‘गी जुनी, नो-गी नवीन’ हे तर मित्राचं साफ चुकलंय. गी आली ज्युदोतून, कोदोकानचा (ज्युदोची जपानमधली मूळ शाळा) मित्सुयो माएदा १९१४ ला ब्राझीलला पोचला, त्याच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकला, कार्लोसचा भाऊ हेलिओ, तिथून पुढचं सगळं. पण त्याच रिओमध्ये लुता लिव्रे नावाची गी न घालणारी परंपरा पण जुनी आहे, आणि दोघांचं पिढ्यान् पिढ्या वैर. गी परवडत नाही असली पोरं लुता लिव्रेकडं जायची असं म्हणतात. १९९१ ला टीव्हीवर दोघांच्या तीन लढती झाल्या, तिन्ही जिउ-जित्सूवाल्यांनी जिंकल्या. आणि ज्या १९९३ च्या पहिल्या यूएफसीमुळं (वेगवेगळ्या खेळांच्या लढवय्यांची मिश्र लढतींची स्पर्धा) हे सगळं तुझ्यामाझ्यापर्यंत आलं त्यात रॉइस ग्रेसी एका रात्रीत तीन जणांना हरवून गेला तो पांढरी गी घालूनच. किमुरा हा दोन्हीकडं चालणारा, हात पाठीमागं पिळून खांद्याला लावायचा लॉक, त्याचं नाव पण गीच्या लढतीतून आलेलं, १९५१ ला रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये मासाहिको किमुरानं हेलिओचा हात मोडला त्यावरून. हरवणाऱ्याचं नाव डावाला द्यायचं आणि रोज शिकवायचं, हे मला त्या घराण्याचं भारी वाटतं. आपल्याकडं असं कोणी केलं असतं का सांग.

आता एक गोष्ट जिथं मी मजा करणार नाही. हील हुक. नो-गीत पायाचे लॉक आता खूप आलेत, जॉन डॅनहर या कोचच्या पोरांनी न्यूयॉर्कमधून ते सगळीकडं पोचवले, आणि ते उत्तम शास्त्र आहे. पण हील हुकमध्ये टाच फिरते आणि मोडतो गुडघा. आर्मबारमध्ये कोपर आधी दुखतं, तुला टॅप करायला वेळ मिळतो. इथं दुखायच्या आधी लिगामेंट जातं. मी एका सेमिनारला, गाव सांगत नाही, एका अनोळखी ब्लू बेल्टबरोबर रोल करत होतो, त्यानं टाच धरली, मला वाटलं अजून काही लागलेलं नाही, मी कुस्तीवाल्यासारखा जोरात उलट्या दिशेनं फिरलो. टॅप करायचा विचार यायच्या आधी आवाज आला. आठ महिने. घरच्यांनी त्या काळात मला काय काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. आयबीजेजेएफच्या (बीजेजेची मोठी आंतरराष्ट्रीय संघटना) नियमात हील हुक गीमध्ये कुठल्याच बेल्टला चालत नाही आणि नो-गीत २०२१ पासून फक्त ब्राऊन आणि ब्लॅक बेल्टच्या मोठ्या माणसांना चालतो, ते उगाच नाही. म्हणून नो-गीला गेलास तर रोल सुरू व्हायच्या आधी तोंडानं विचार, पाय कुठपर्यंत? लाजू नको. आणि टाच पकडली गेली की पैलवानी दाखवायची नाही, लगेच टॅप, नंतर विचार तो कसा आला म्हणून.

गीची किंमत बोटांनी द्यावी लागते. सकाळी उठल्यावर मूठ बंद व्हायला पाच मिनिटं लागतात, चपाती तोडताना कळतं. टेप लाव, पण मुख्य म्हणजे पकड तुटत आली की सोडून दे, बाहीला बोटं अडकवून लोंबकळत बसू नको, ती गेली तर दुसरी धर. तू मेंटेनन्सला आहेस म्हणालास ना, दिवसभर पाना-पक्कड हातात, मग तर जास्तच जप. कानाचं तुला सांगायला नको, तुझे आधीच फुटलेले असतील.

नाशकाच्या हवेचं पण गणित आहे बरं का, हे पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत कोणी सांगत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या बॅचला पारा १० च्या खाली असतो, मॅट बर्फासारखी, तेव्हा गीसारखं सुख नाही, अंग लवकर तापतं आणि तापलेलं राहतं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली दोन किलोची गी घालून रोल म्हणजे भट्टी, तेव्हा आम्ही बऱ्याचदा रॅश गार्डवरच (अंगाला चिकटणारा पातळ टीशर्ट) असतो. आणि जुलै-ऑगस्टमध्ये गी वाळत नाही. विषय संपला, वाळतच नाही. दोन दिवस बाल्कनीत, मग पंख्याखाली, मग आई म्हणते घरात कसला वास येतोय. ओली गी परत घातली की नायटा ठरलेला. आणि नायटा झाला तर मेडिकलवाला काउंटरवरून देतो ती तीन-चार औषधं एकत्र कालवलेली क्रीम लावू नको, त्यात स्टेरॉइड असतं, खाज चार दिवसांत थांबते आणि नायटा आतल्या आत पसरतो, मग महिनोन् महिने जात नाही. स्किनच्या डॉक्टरकडं जा आणि ते सांगतील तोपर्यंत मॅटवर येऊ नको. तालमीत आपण मातीला औषध मानायचो, हळद-तेल-ताक घालून मळलेली माती, काही होत नाही म्हणायचो. रबरी मॅट म्हणजे माती नव्हे. रोज पुसली पाहिजे आणि तू रोल झाल्यावर तासाभरात आंघोळ केली पाहिजे. यात नो-गीवाल्यांना एक सोय आहे, रॅश गार्ड रात्री धुतला की सकाळी वाळतो, पण अंगाला अंग जास्त लागतं, म्हणजे तिथं सुट्टी नाहीच.

खरेदीचं. कराटेचा ड्रेस घेऊन येऊ नको, पहिल्याच कॉलर ओढीत काखेतून फाटतो, मग सगळे हसतात. ज्युदोची गी सरावाला चालते, बाह्या जरा रुंद आणि खालचा घेर लांब असतो एवढंच, स्पर्धेच्या मापात बसेल याची खात्री नाही. बीजेजेची साधी पर्ल वीव्ह (हलकी वीण) घे, जाड गोल्ड वीव्हच्या नादी लागू नको, आपल्या पावसाळ्यात ती जाडी डोक्याला ताप. मी शेवटची घेतली ती साडेचार हजाराला, ब्रँडच्या आणि बाहेरच्या दुप्पट-तिप्पट जातात, पहिल्या वर्षी त्याचा काही उपयोग नाही. रंग पांढरा घे, पुढं स्पर्धा खेळलास तर आयबीजेजेएफ पद्धतीत पांढरा, निळा, काळा हे तीनच चालतात. सुती आहे, आकसते, म्हणून माप घट्ट घेऊ नको, गरम पाणी आणि ब्लीच लांब ठेव, सावलीत वाळव. एकच गी असेल तर आठवड्याला दोनदाच गी होते हे धरून चाल, कारण तिसऱ्या दिवशी ती ओली असणार. बेल्ट धुवायचा नाही, धुतला की विद्या जाते असं आमच्याकडं एक जण अजून म्हणतो. धू रे बाबा. विद्या बेल्टात असती तर दुकानदारच वस्ताद झाला असता.

तुझ्या शिफ्टचं बघता मी असं करेन. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळी दोन दिवस गी, शनिवारी नो-गी. सेकंड शिफ्ट असेल तर सकाळची बॅच गाठ, जी असेल ती. नाईट झाल्यावर रोल करू नको, झोपेत माणूस टॅप उशिरा करतो. गीच्या दिवशी एक नियम लावून घे, पहिले तीन महिने प्रत्येक रोल तू पाठीवरून सुरू करायचा. समोरच्याला सांगायचं मी खाली बसतो, तू ये. मरायला होईल सुरुवातीला. आमचा तो सिन्नरवाला महिनाभर तोंड वाकडं करून बसायचा, म्हणायचा वस्तादानं बघितलं तर तालमीत घेणार नाहीत परत. आता ब्लू बेल्ट आहे आणि त्याचा हाफ गार्ड (समोरच्याचा एक पाय आपल्या पायांत अडकवून खालून खेळायचा) मला पार होत नाही, खालून अंडरहुक घालतो आणि उठताना पट काढून वर येतो. म्हणजे कुस्ती गेली नाही त्याची, फक्त ती आता जमिनीवरून सुरू होते. शनिवारी नो-गीला उलटं कर, उभ्यानं सुरू करायचं, पट काढ, खुशाल तुझी ताकद लाव, पण पडल्यावर मान कुठं आहे ते दर वेळी तपास. वर्षभरानं तुला जे आवडेल ते जास्त कर, मग कोणाला विचारायची गरज पडणार नाही.

रस्त्यावर मारामारी झाली तर काय उपयोगाचं, हे पण विचारलंयस. थंडीत लोक जॅकेट घालतात, उन्हाळ्यात टीशर्ट, टीशर्ट धरला की फाटतो, आणि कॉलेज रोडला कोणाला खाली घेऊन बसलास तर त्याचे चार मित्र उभे असतात. पळ. या बाबतीत गी आणि नो-गीत काही फरक नाही.

स्पर्धेची घाई पण नको, पण एक माहिती म्हणून, आशियाई खेळांत २०१८ ला जकार्तापासून जु-जित्सू आलंय, तिथं गी घालूनच खेळतात. नो-गी शिकून तिकडं जाता येणार नाही. आणि एडीसीसीसारखं काही खेळायचं डोक्यात असेल तर तिथं सामन्याच्या पहिल्या निम्म्या वेळात गुणच नसतात आणि नंतर गार्डसाठी स्वतःहून खाली बसलास तर गुण वजा होतो, म्हणजे तिथं तुझी कुस्ती सोन्याची. आपल्या जिल्ह्याच्या हर्षवर्धन सदगीरनं २०२० ला महाराष्ट्र केसरी मारली तेव्हा आमच्या मॅटवर दोन दिवस सगळे फक्त पट काढत होते, मी पण. मला जमला नाही तो भाग वेगळा.

या शनिवारी आमच्याकडं ओपन मॅट (क्लास नाही, सगळ्यांचा मोकळा सराव) आहे, गी नसेल तर माझी जुनी ए-टू मापाची देतो, वाळलेली आहे. बघून घे, मग पैसे घाल. येताना सीबीएसकडून (सेंट्रल बस स्टँड) येऊ नको, सिंहस्थाच्या कामांनी खणून ठेवलंय सगळं. आणि नखं कापून ये.